काच बसली का?

एक पोलरायझर फिल्टर विकणे आहे. 55 मिलिमीटर, एकदाही न वापरलेला. वापरता आलाच नाही.

तलावपाळीवर फोटो काढला की पाण्यावर नुसता पांढरा चकाका येतो, त्याला हा उपाय, असं कळलं म्हणून शनिवारी नौपाड्यातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "नंबर?"

लेन्सवर ठळक 18-55 छापलंय, हे मला पाठ होतं. "पंचावन्न!" मी ठणकावलं. दोन महिन्यांच्या फोटोग्राफीत इतक्या खात्रीने बोलायची ही पहिलीच संधी होती.

"काय घेताय?" मागून आवाज आला. आमच्याच सोसायटीतले बी विंगचे काका. ज्येष्ठ नागरिक संघाच्या ओळखपत्रासाठी फोटो काढून प्रिंटची वाट बघत बसलेले.

"फिल्टर."

"पाण्याचा?"

"कॅमेऱ्याचा, काका."

"ते मोबाईलमध्ये फुकट असतात की! आमची नात मला मांजराच्या मिशा लावते."

दुकानदाराने आधी यूव्ही फिल्टर, म्हणजे अतिनील किरण अडवणारी काच, पुढे सरकवला. काकांनी तो मध्येच उचलला, चष्मा कपाळावर चढवला, काच डोळ्याला लावून दुकानदाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कालनिर्णयाकडे पाहिलं.

"यात बदललं काय?"

"बदलत काहीच नाही. लेन्सला प्रोटेक्शन."

"म्हणजे काही न बदलण्याचे साडेआठशे?"

डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे यूव्ही अडवायची सोय मुळातच असते, हे मी वाचलेलं होतं. पण बोलायचं धाडस काकांनी केलं, मी नाही. याचा राग अजून आहे.

मग पोलरायझर आला. याची पुढची कडी गोल फिरते. काकांनी तो डोळ्याला लावून समोरच्या कॉम्प्युटरकडे रोखला. स्क्रीनवर त्यांचाच फोटो उघडा होता, पोरगा त्यांचे कान उजळ करत होता. काकांनी कडी फिरवली आणि किंचाळले, "अरे, मी गेलो!"

दुकान थांबलं.

कडी अजून थोडी फिरली. "आलो." पुन्हा फिरली. "गेलो!" स्क्रीनचा उजेड आधीच एका दिशेने गाळलेला असतो, फिल्टर आडवा धरला की तो अडतो, असं मी समजावत होतो. ऐकतंय कोण? काका जात होते, येत होते. झेरॉक्सला आलेल्या दोन बायकाही पाळीपाळीने काकांना घालवून बघू लागल्या.

"घ्या हाच," काकांनी निकाल दिला. "चालतोय." मी 2,200 रुपये मोजले.

संध्याकाळी तलावपाळीच्या कठड्यावर टेकून आटे फिरवतोय, फिरवतोय, काच बसेना. शेवटी मोबाईलच्या टॉर्चमध्ये लेन्सची पुढची कड वाचली. बारीक अक्षरात, रेघ मारलेल्या शून्यापुढे, म्हणजे व्यासाच्या खुणेपुढे, 58. ठळक 55 हे फोकल लेन्थचं, म्हणजे लेन्स लांबचं किती जवळ आणते त्याचं होतं. विकत घेताना जो आकडा लागतो, तोच मुंगीएवढा छापायचा? आणि दोन्ही मिलिमीटरमध्येच?

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. वेष्टण फाटलेलं, आणि 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी माझ्या डोक्यावरच. "तुम्हीच म्हणालात पंचावन्न. काकाही होते." अहो, गिऱ्हाईक नंबर घोकून आलं तरी चष्मेवाला एकदा तपासतो. 'लेन्स कुठली' एवढं विचारायला किती श्वास लागतो? वर, "स्टेप-डाउन रिंग घ्या, लहान फिल्टर मोठ्या लेन्सवर बसवते, अडीचशे. फक्त वाइडला, म्हणजे रुंद दृश्य घेताना, कोपरे काळे येतील हं." काळे कोपरे विकत घेणारा मी नव्हे. नमस्कार केला आणि निघालो.

काल लिफ्टमध्ये काका भेटले.

"काय, बसली का काच?"

"बसली," मी म्हणालो.

त्यांनी खिशातून ओळखपत्र काढलं. चष्म्याच्या दोन्ही काचांवर एकेक ट्यूबलाइट. डोळे कुठेच नाहीत. "हे तुमच्या काचेने जाईल ना?"

"जाईल की."

"मग रविवारी येतोच."