चष्मा राहू द्या, आधी फाईल नीट पाठवा

परवा पुन्हा एका मित्राने तो व्हिडिओ पाठवला. अंधांसाठी कॅमेरावाला चष्मा, समोर काय आहे ते कानात सांगतो. खाली लिहिलेलं, "तुझ्यासाठीच बनलाय रे!" प्रेमाने पाठवतात, मीही हात जोडल्याचा इमोजी टाकतो.

त्याच दिवशी ऑफिसात मराठी परिपत्रक आलं. उघडलं तर स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मला वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, म्हणाला, "ग्राफिक." बाण खालीवर दाबले. "ग्राफिक." कुणीतरी प्रिंट काढून, सही-शिक्का मारून, तोच कागद स्कॅन केला होता. शेवटी शेजारच्या ताईंनी वाचून दाखवलं. माझ्याच रजेबद्दल होतं.

स्कॅन एक वेळ परवडलं, ओसीआर करून, म्हणजे चित्रातली अक्षरं मशीनकडून ओळखून घेऊन, काहीतरी हाती लागतं. जुन्या फॉन्टमधली फाईल त्याहून वाईट. तुमच्या डोळ्यांना 'शासन' दिसतं, पण आत साठवलेले असतात इंग्रजी अक्षरांचे कोड, त्यांच्यावर फॉन्टने देवनागरी आकार चढवलेले. माझं मशीन बिचारं आतलंच वाचतं: कंस, डॉलर, एफ, क्यू. प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतःचे कोड देणारं युनिकोड येऊन जमाना झाला, तरी हे चालूच.

बरं, फाईल नीट असली तरी आवाजाचं काय? 'चंद्र' आणि 'चांदणं' म्हणून बघा. च वेगळा लागला ना? लिहिताना मात्र एकच. ज आणि झ यांचंही तेच. आपल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही, मशीनला शब्दागणिक शिकवावं लागतं. हिंदी वळणाचा आवाज सगळं एकाच च-ज मध्ये उरकतो, आणि मी ऐकतो दुप्पट वेगाने, त्यामुळे ठेचा लागतात. चांगला उच्चारकोश, सगळ्यांना वापरता येतील अशी मराठी रेकॉर्डिंग्ज, हे माझ्या लेखी खरं संशोधन. त्यात फीत कापायला काही नसतं, म्हणून त्याचे व्हिडिओ फिरत नाहीत.

मी वापरतो तो स्क्रीनरीडर, एनव्हीडीए, फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करनने 2006 मध्ये सुरू केला, पुढे जेमी टेह जोडीला आला. दोघेही अंध. विकतचे स्क्रीनरीडर बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होते, म्हणून स्वतःच लिहायला बसले.

कायदा आपल्या बाजूने आहे, नाही असं नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. केवायसीसाठी डोळे मिचकावायला लावण्याचाच प्रश्न होता त्यात. मलाही एका ॲपने सांगितलं, डोळे मिचकवा. मिचकावले. "पुन्हा प्रयत्न करा."

आणि आज सकाळची गोष्ट. सोसायटीच्या ग्रुपवर रात्री एक फोटो येऊन पडला होता, खाली एक अक्षर नाही. मला वाटलं गुड मॉर्निंगवालं फूल असेल. नऊ वाजता डोक्याला शॅम्पू लावला आणि नळ कोरडा. ती नोटीस होती.