नवरंगाचा फोटो टाकला आणि सगळे एकच विचारायलेत

काल नवरंग पाखराचा फोटो टाकला तर रात्रीपर्यंत इनबॉक्समधे एकच प्रश्न, मोबाईलवर त्याच्या शिट्टीचा आवाज लावून बोलावला का? नाही लावला. आणि कुणीच लावू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून एवढं लांब लिहायलेय.

आमचं घर सेलूत. मागं परस, लिंब, शेवगा, आणि न्हाणीचं पाणी जातं तिथं केळी. त्या केळीखालचा पाचोळा मी झाडत नाही. सासूबाई म्हणतात, "इचूकाटा निघंल गं त्यातून," आणि त्यांचं काही चूक नाही, म्हणून दारापाशी रोज झाडते, फक्त भिंतीकडचा कोपरा तसाच ठेवते. नवरंग आला तो त्या कोपऱ्यासाठीच. तो जमिनीवर टुणटुण उड्या मारत पाचोळा उलथतो, किडे, गांडुळं खातो. हिवाळा दक्षिणेत आणि श्रीलंकेत काढायचा आणि मे-जूनात पावसाच्या पुढं पुढं वर सरकायचं, असा त्याचा प्रवास, मधे थकला की कुणाच्याही परसात उतरतो.

सात दिवस नुसती शिट्टी ऐकली, पहाटे आणि दिवेलागणीला, दोन सुरांची. आठव्या दिवशी आडोशाला बाज उभी केली, त्यावर जुनं लुगडं टाकलं आणि मागं पाटावर बसले, साडेपाच ते सात, डास चावले तरी हलायचं नाही. उजेड इतका कमी की कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची क्षमता, ३२०० वर न्यावा लागला. फ्लॅश मारायचा नाही हे ठरलेलंच होतं. फोटोत दाणे आलेत, येऊ देत, पोटाखालचा लाल रंग आणि चोचीतलं गांडूळ दिसतंय ना.

आवाज लावला की तो लवकर समोर येतो, हे खरंय. पण कशाला येतो? दुसरा नर आपल्या जागेत घुसला असं वाटून, खाणं सोडून, त्याला हाकलायला. जो तिथं नाहीच त्याला शोधत फांद्यांवरून फिरत राहतो. एवढ्या लांबून उडून आलेलं पाखरू, त्याला पोट भरायचंय, पुढं जाऊन घरटं करायचंय, आणि आपण त्याला खोट्या भांडणात गुंतवतो, एका फोटोवाल्याचं झालं की दुसरा आवाज लावतो, मग तिसरा. मागच्या वर्षी हे डोळ्यांनी पाहिलंय, अजून विसरले नाही.

घरट्याभोवतीच्या फांद्या छाटून फोटो काढणाऱ्यांचा तर मला फार राग येतो. पिल्लं उन्हात पडतात, कावळ्याला दिसतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात घरटं, अंडी यांना त्रास देणं शिकारीतच धरलंय.

फोटो पाहिजे असंल तर परसात पेव्हर ब्लॉक टाकू नका, आमच्या गल्लीत एकेक परस तसंच गेलं. सावलीत मातीची पसरट परात ठेवा, दोन बोटं पाणी, रोज बदला. उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं हे मलाबी माहितंय, पण परातीला तांब्याभरच लागतं.

आज सकाळी शिट्टी आली नाही. पुढं गेला असंल. परात भरून ठेवलीय, मघाशी दयाळ पक्षी अंघोळ करून गेला.