गतिरोधक गावाचा, रस्ता कोणाचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

गावोगावी ग्रामस्थांनी स्वतः घातलेल्या गतिरोधकांबद्दल मी गेल्या आठवड्यात जे लिहिले, त्यावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि लगेच उत्तर न देता काही दिवस थांबलो, कारण तिच्यात राग आहे आणि त्या रागाला आधार आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सारांश देतो. आपले गाव कोरेगाव तालुक्यात, शाळा अगदी रस्त्याला लागून. दोन वर्षांपूर्वी शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडणाऱ्या तिसरीतल्या मुलीला दुचाकीने उडवले आणि तिचा पाय मोडला. त्यानंतर गावाने अर्ज केले, वर्षभर वाट पाहिली आणि शेवटी एका रविवारी वर्गणी काढून, खडी-सिमेंट आणून शाळेसमोर गतिरोधक घातला. आपले म्हणणे असे की मला माणसांपेक्षा गाड्यांची काळजी अधिक आहे, रस्ता गावातून जातो म्हणजे तो गावाचा आहे, ग्रामपंचायतीचा ठराव झालेला असल्यामुळे काम कायदेशीरच आहे, आणि सातारा शहरात बसून मापे सांगणाऱ्याने आधी त्या शाळेसमोर उभे राहून पाहावे.

पहिल्यांदा माझी चूक. ‘गावे हौसेने गतिरोधक घालतात’ असे वाक्य मी लिहिले होते. ते चुकीचे होते आणि ते मी मागे घेतो. आपल्या मुलीचा पाय मोडल्यावर वर्गणी काढणाऱ्या गावाने हौस केली असे कोणीही म्हणू शकत नाही. गळीत हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून पुढचे चार-पाच महिने, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, त्यांना मागे टाकण्यासाठी घाई करणाऱ्या मोटारी आणि त्यांच्या मधून वाट काढणाऱ्या दुचाक्या शाळेच्या दारातून कशा जातात, हे मी रहिमतपूरच्या बाजूला अनेकदा पाहिले आहे. तिथे गाड्यांचा वेग कमी झालाच पाहिजे, याबद्दल आपल्यात मतभेद नाही. मतभेद आहे तो एवढाच की आपण घातलेल्या गतिरोधकामुळे तो कमी होतो का, आणि कोणाचा होतो.

गतिरोधकाचे एक ठरलेले माप आहे. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने १९८८ मध्ये गतिरोधकांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०१८ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली. (ही संस्था १९३४ मध्ये स्थापन झाली ती १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीच्या शिफारशीवरून, आणि त्या समितीचे अध्यक्ष होते आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर.) मूळ माप असे की गतिरोधकाची रुंदी, म्हणजे गाडी ज्या दिशेने जाते त्या दिशेची लांबी, ३.७ मीटर असावी, मध्यभागी उंची १० सेंटिमीटर असावी आणि त्याची पाठ १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावी. बारा फूट लांब आणि जेमतेम चार इंच उंच. तो पाहिल्यावर बहुतेकांना हा गतिरोधक आहे असे वाटणारही नाही, आणि आपल्याकडे पुष्कळांची समजूत अशी की गतिरोधक जेवढा उंच आणि टोकदार तेवढा परिणामकारक. याच समजुतीविरुद्ध मी तो लेख लिहिला होता, पण तिथे कारण नीट सांगायचे राहिले, म्हणून आता सविस्तर सांगतो.

हा आकार ताशी २५ किलोमीटर वेगासाठी ठरवलेला आहे. त्या वेगाने गाडी ३.७ मीटरचा गतिरोधक अर्ध्या सेकंदाहून थोड्या अधिक वेळात ओलांडते, म्हणजे संपूर्ण गाडी सावकाश वर उचलली जाते आणि सावकाश खाली येते. वेग जितका अधिक तितका हा उचलला जाण्याचा धक्का अधिक, त्यामुळे चालक आपण होऊन वेग कमी करतो. आता दीड फूट रुंदीचा आणि सहा इंच उंचीचा सिमेंटचा बांध घ्या. ताशी ६० किलोमीटर वेगाने आलेले चाक तो एका सेकंदाच्या सुमारे सदतिसाव्या भागात ओलांडते. इतक्या कमी वेळात जड गाडीचा सांगाडा वर उचललाच जात नाही, धक्का टायर आणि स्प्रिंगमध्येच जिरतो, आणि ज्या चालकाला हे अनुभवाने कळले आहे तो वेग कमी न करता तसाच निघून जातो. सावकाश आलेल्या दुचाकीचे पुढचे चाक मात्र बांधावर आपटते, हँडल हलते आणि मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई उसळते. म्हणजे आपल्या गतिरोधकाची शिक्षा ज्याच्यासाठी तो घातला त्याला होत नाही. ती होते बाजाराला चाललेल्या नवरा-बायकोला.

हे मी पुस्तकातून लिहीत नाही. माझी आत्या तीन वर्षांपूर्वी संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी मुलाच्या मागे गाडीवर बसून घरी येत होती. एका गावाजवळ नुकताच घातलेला गतिरोधक होता, त्यावर रंग नव्हता, अलीकडे फलक नव्हता, आणि डांबराचा व बांधाचा रंग त्या उजेडात एकच दिसत होता. ती पडली, खुबा मोडला, आणि त्यानंतर ती काठीशिवाय चाललेली नाही. तो गतिरोधकही एका मुलाच्या अपघातानंतरच घातला होता, असे मला नंतर तिथल्या लोकांनी सांगितले. त्यांच्यावर मी रागावलो नाही, रागावता आले नाही. परंतु एका घरातले दुखणे उचलून दुसऱ्या घरात ठेवले गेले, हे मला तेव्हापासून विसरता येत नाही, आणि आपण ‘गाड्यांची काळजी’ असे लिहिले तेव्हा मला आत्याच आठवली. गाडीवर माणसेच बसलेली असतात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्याच रस्त्याने जाते, आणि तिच्यात आडवा ठेवलेला, हाड मोडलेला रुग्ण किंवा कळा सुरू झालेली बाई असते.

आता रस्ता कोणाचा या प्रश्नाकडे येतो, कारण ठरावाचा मुद्दा त्यावरच अवलंबून आहे. रस्ता गावातून जातो यावरून तो गावाचा ठरत नाही. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, आणि गावठाणातल्या गल्ल्या व अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीकडे. ग्रामपंचायत आपल्या ताब्यातल्या रस्त्याबद्दल निर्णय घेऊ शकते. दुसऱ्या यंत्रणेच्या रस्त्याबद्दल तिचा ठराव ही मागणी असते, परवानगी नसते. याचा अर्थ ठराव निरुपयोगी आहे असा नाही. मागणीमागे एक माणूस नसून संपूर्ण गाव आहे याचा तो लेखी पुरावा आहे आणि पुढे त्याचा उपयोग होणार आहे. पण तो जोडून आपण स्वतः बांधकाम करू शकत नाही. हीच गोष्ट लोकप्रतिनिधीच्या पत्राची, आणि डांबरीकरण चालू असताना कंत्राटदाराला तोंडी सांगून टाकून घेतलेल्या गतिरोधकाची.

कायद्याची भीती घालण्याचा माझा हेतू नाही, परंतु माहिती असावी म्हणून लिहितो. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम २८५ मध्ये सार्वजनिक रस्त्यावर धोका किंवा अडथळा निर्माण केल्यास पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि कलम ३२६ मध्ये सार्वजनिक रस्ता प्रवासासाठी कमी सुरक्षित होईल असे नुकसान केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. शाळेसमोर गतिरोधक घालणाऱ्या ग्रामस्थांना अशा कलमाखाली उभे करावे असे मला मुळीच वाटत नाही. परंतु त्या गतिरोधकावर उद्या कोणी दगावले तर प्रश्न विचारला जाईल तो सिमेंट कोणी कालवले हाच, आणि त्या वेळी वर्षभर अर्ज दाबून ठेवणारे कार्यालय बाजूला राहील. मला सर्वांत जास्त खटकते ते हेच. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १९८-अ घालण्यात आले. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ज्या यंत्रणेकडे, कंत्राटदाराकडे किंवा सल्लागाराकडे आहे त्यांनी ठरवून दिलेली मानके पाळली नाहीत आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर त्यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम फार मोठी नाही हे मान्य आहे, पण जबाबदारी कोणाची हे त्या कलमाने स्पष्ट केले. आपण स्वतः गतिरोधक घातला की ही स्पष्टता पुन्हा पुसट होते, कारण ‘हे काम आमचे नाही’ असे म्हणायला त्या यंत्रणेला जागा मिळते.

आपण विचारले आहे की महामार्गावर गतिरोधक नको म्हणता, मग सेवा रस्त्यांवर ते कसे? पुणे–बंगळूर महामार्गासारख्या राष्ट्रीय महामार्गाच्या मुख्य मार्गिकांवर गतिरोधक नसावेत, असलेले काढावेत, असे केंद्रीय मंत्रालयाचे धोरण आहे, कारण तिथल्या वेगाने येणाऱ्या गाडीपुढे अचानक आलेला उंचवटा हाच अपघात घडवतो. सेवा रस्ता हा वेगळा, कमी वेगाचा रस्ता. आपल्या शाळेसमोरचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग नाही, त्यामुळे हा मुद्दा आपल्या आड येत नाही. उलट ज्या मार्गदर्शक तत्त्वांचा मी उल्लेख केला, त्यांतच शाळा आणि रुग्णालयांचा परिसर, कमी दृष्टिपथाचे वळण, अरुंद पूल आणि मोठ्या रस्त्याला येऊन मिळणारा लहान रस्ता ही गतिरोधकासाठी विचारात घेण्याची ठिकाणे म्हणून आलेली आहेत. म्हणजे आपली मागणी नियमात बसणारी आहे. हे वाक्य माझ्या लेखात असायला हवे होते आणि ते नव्हते, यात आपली तक्रार रास्त आहे.

त्याच तत्त्वांत असेही आहे की गतिरोधकाच्या ४० मीटर आधी इशारा देणारा फलक हवा आणि गतिरोधकावर रात्री दिसतील असे पट्टे हवेत. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी सुरक्षितपणे थांबायला रस्तेबांधणीच्या हिशेबात ८० मीटर धरतात, ताशी ४० ला ४५ मीटर. चालकाला आधी कळले नाही तर उत्तमात उत्तम मापाचा गतिरोधकही उपयोगाचा नाही. म्हणून आपल्या अर्जात फक्त ‘गतिरोधक मिळावा’ असे न लिहिता शाळेचा फलक, दोन्ही बाजूंचे इशाराफलक, झेब्रा पट्टे आणि साइडपट्टीवरून मुलांना चालता येईल अशी मोकळी जागा हे सर्व एकत्र मागावे. माझ्या मते या चारांपैकी साइडपट्टीचा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित आहे. ती खचलेली किंवा झुडपांनी व्यापलेली असली की मुले डांबरावरून चालतात, आणि मग रस्ता ओलांडण्याआधीच धोका सुरू होतो.

आपले अर्ज वर्षभर पडून राहिले याचे एक कारण, मला वाटते, असे असू शकते की ते चुकीच्या दारात गेले. आपण लिहिले आहे की तहसील कार्यालयात दिले. तहसीलदारांकडे रस्ता नसतो. किलोमीटरच्या दगडाचा माथा पाहिला की पहिला अंदाज येतो: पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, नारिंगी असेल तर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता. दगड नसेल किंवा रंग उडाला असेल तर माहिती अधिकारात रस्त्याचा दर्जा, क्रमांक आणि देखभाल करणारे कार्यालय विचारावे, तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. मग त्या कार्यालयातल्या अभियंत्याला अर्ज, सोबत ठराव आणि अपघाताचा पोलीस ठाण्यातला तपशील, आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१७ रोजी दिलेल्या निर्देशांनंतर प्रत्येक जिल्ह्यात अशी समिती असणे आवश्यक झाले, आणि तिच्यात पोलीस व बांधकाम विभाग एकाच टेबलाशी असतात. प्रत्येक ठिकाणी पोच घ्यावी, आवक क्रमांकासह. तोंडी आश्वासनाला तारीख नसते, पोचेला असते.

राहिला प्रश्न सध्याच्या गतिरोधकाचा. तो उद्याच उखडा असे मी म्हणणार नाही. शाळेसमोर काहीच नसण्याची भीती मला समजते. पण अर्ज मंजूर होईपर्यंत दोन गोष्टी आजच करता येतील: त्याच्यावर पांढरे पट्टे मारणे, आणि दोन्ही बाजूंना बऱ्याच आधी, साइडपट्टीच्या बाहेर, रात्री चमकेल असा ठळक फलक उभा करून तसे संबंधित कार्यालयाला लेखी कळवणे. दोन्ही कडांना सिमेंटचा उतार देऊन त्याची पाठ लांबवता आली तर दुचाकींचा धोका पुष्कळ कमी होईल, मात्र ते काम अभियंत्याला दाखवूनच करावे.

‘शाळेसमोर उभे राहून पाहा’ हे आपले आव्हान मी स्वीकारतो. शाळा सुटण्याच्या वेळी मी येईन, मोजपट्टी घेऊन येईन, आणि गतिरोधकाची रुंदी, उंची, फलकापासूनचे अंतर व साइडपट्टीची स्थिती आपण मिळून लिहून काढू, म्हणजे तोच कागद अर्जाला जोडता येईल. तोपर्यंत गावाजवळच्या किलोमीटरच्या दगडावर काय लिहिले आहे आणि त्याचा माथा कोणत्या रंगाचा आहे, एवढे मला कळवावे.