‘रोगट लिंबू गळ्यात मारलं’ या अभिप्रायाला नर्सरीचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचं म्हणणं असं, की मे महिन्यात आमच्याकडून नेलेलं कागदी लिंबू ऑगस्टपर्यंत पिवळं पडलं, पानं गळाली, दोनदा मूठमूठ डीएपी (रासायनिक खत) घालूनही सुधारलं नाही, म्हणजे झाड मुळातच रोगट होतं. सोबत तीन फोटो टाकलेत ते बरं केलंत. ‘पिवळं पडलं’ एवढ्यावरून लिंबाचं निदान होत नाही, पण कोणतं पान आणि पानाचा कोणता भाग पिवळा आहे हे दिसलं की बरंच कळतं.

पहिल्या फोटोतल्या पानाची मधली शीर पिवळी आहे आणि शिरेच्या बाजूला अजून हिरवेपणा शिल्लक आहे. ही मुळांची तक्रार आहे. याच्या उलट कोवळ्या पानांत शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला असता, तर लोह कमी पडतंय म्हटलं असतं. जुन्या पानांत देठाजवळ हिरवा त्रिकोण उरून कडा पिवळ्या झाल्या असत्या तर मॅग्नेशियम. त्याला लिटरमागे 10 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी पुरते.

मुळं का बिघडली तेही त्याच फोटोत आहे. कुंडी पडवीच्या कडेला, बरोबर पागोळ्यांखाली आहे आणि खाली ताटली आहे. ताटलीत पाणी साचलं की तळाची भोकं असून नसल्यासारखी. वर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेलं दिसतंय, ते उन्हाळ्यात चांगलं, पावसात पाणी सोडतच नाही. आपल्याकडे कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कुंडीतल्या मुळांना हवा मिळाली नाही की ती कुजतात, आणि मग झाड पाण्यात उभं असून तहानलेलं राहतं. त्यात डीएपी म्हणजे आजारी मुळांवर क्षारांचा मारा. पानांच्या कडा करपल्यात त्या बहुतेक त्यामुळेच. कृपया आता कसलंही खत घालू नका.

खात्री करायची असेल तर झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की साल हातात येते, आत नुसता दोरा उरतो, आणि आंबूस वास येतो. असली मुळं कापून टाका आणि त्या प्रमाणात वरच्या फांद्याही कमी करा. नवं भरण दोन भाग तांबडी माती, एक भाग जाडी नदीची वाळू, अर्धा भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. समुद्राची वाळू चुकूनही नको, तिच्यात मीठ असतं. नंतर लिटरभर पाण्यात 3 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड (तांब्याचं बुरशीनाशक) कालवून मातीत ओता. कुंडी दोन चिऱ्यांवर उचलून पागोळ्यांपासून लांब ठेवा. पुढे बोट दोन इंच खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी. अजून काही पानं गळतील, त्याने घाबरू नका. नवी पालवी फुटली की खताचं बघू.

दुसऱ्या फोटोतले उंचवटलेले, खरखरीत, पिवळ्या कड्याचे ठिपके म्हणजे खैऱ्या. हा जिवाणूजन्य रोग आहे, कागदी लिंबावर तो सर्वांत लवकर येतो आणि पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतो. घाटावरच्या कोरड्या हवेत त्याचा जोर कमी, आपल्याकडे पावसाळाभर. तिसऱ्या फोटोतल्या कोवळ्या पानावरच्या चंदेरी नागमोडी रेषा नागअळीच्या आहेत. ती पान पोखरते आणि त्याच जखमांतून खैऱ्या आत शिरतो, म्हणून दोन्हींकडे एकदम बघावं लागतं. ठिपके असलेल्या फांद्या उघडीप असताना छाटून जाळा, कात्री दर वेळी स्पिरिटने पुसा. पानं कोरडी असताना तेच कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला 3 ग्रॅम फवारा, पंधरा दिवसांनी परत. नागअळीसाठी नव्या पालवीवर संध्याकाळी लिटरला 5 मिली निंबोळी तेल, थोडा साबण कालवून, आठवड्याने एकदा. फळांवर डाग आले तरी लिंबू खायला चालतं, रोग सालीपुरता असतो.

आता जबाबदारीचं. फोटोतला खैऱ्या फक्त या पावसातल्या पालवीवर दिसतो आहे. पण खोडावर किंवा मेच्या आधीच्या जुन्या फांद्यांवर तसे खडबडीत खैरे असतील, तर रोग आमच्याकडूनच आला असं आम्ही मानू आणि झाड बदलून देऊ, पावती नसली तरी. ते नसेल तर कुंडी भरून आणि छाटून द्यायचं काम आम्ही करू, पैसे घेणार नाही. येताना झाड कुंडीसकट आणा, ताटलीही आणा, आणि आदल्या दिवशी पाणी घालू नका, म्हणजे गोळा न फुटता निघेल.