‘रंगरंगोटी’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर (जरा लांबलंय)

गेल्या आठवड्यात माझी जुनी कॉन्टेसा मोटार दुरुस्त करून विकल्याचा लेख टाकला, त्यावर एक प्रतिक्रिया आली. नाव नाही, फोटोच्या जागी लाल मस्टँग गाडीचं चित्र. तिथेच चार ओळीत उत्तर देणार होतो पण लिहायला बसलो आणि हे असं झालं. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी, त्यांचं म्हणणं साधारण असं:

"काका, अंगणात बसून केलेल्या कामाला रिस्टोरेशन म्हणत नाहीत, रंगरंगोटी म्हणतात. पुट्टी किती भरली ते लिहिलंच नाहीत. स्वतःची मजुरी धरली तर तोट्यात आहात. रंग बदललाय तो आरसीवर चढवला का? कॉन्टेसा 82 ची नाही, 84 ची. तुमच्यासारखे लोक व्हिंटेज गाड्या विकायला काढतात म्हणून खऱ्या शौकिनांना भाव परवडत नाहीत."

आधी चूक मान्य करतो. कॉन्टेसा बाजारात आली ते साल 84 बरोबर, मी 82 लिहिलं ते चुकलं, लेखात दुरुस्त केलंय, धन्यवाद. माणसाने चूक दाखवली की मान्य करावी, मी करतो. पण मग तुम्हीही करा, कारण माझी गाडी 92 ची आहे आणि सरकारच्या 2021 च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणजे 50 वर्षांवरची गाडी. कॉन्टेसाचं उत्पादनच 84 ला सुरू झालं, म्हणजे आज एकही कॉन्टेसा व्हिंटेज नाही. असो, मी त्याचा बाऊ करत नाही.

आता ‘काका’. काका म्हणायला काहीच हरकत नाही, गल्लीतली सगळी पोरं म्हणतात, पण ती "काका, बॉल द्या ना" म्हणतात. तुमच्या काकामध्ये मला गप्प बसवायची घाई दिसली. आणि तो ‘रंगरंगोटी’ शब्द. गणपतीच्या आधी जिन्याच्या भिंतीला चुना मारतात त्याला रंगरंगोटी म्हणतात हो.

मी काय केलं ते ऐका. ऐरोलीचं आमचं रो-हाउस, पुढे एक गाडी मावेल एवढं अंगण, त्यावर ताडपत्री. खाडी जवळ, त्यामुळे हवा अशी की नवीन खिळासुद्धा चार महिन्यांत लाल होतो. गाडी आणली तेव्हा वरून चकाचक होती, आधीच्या कुणीतरी केलेली (तुमच्या भाषेत) रंगरंगोटी. डिकीतलं मॅट उचललं आणि स्क्रूड्रायव्हर टेकवला, नुसता टेकवला, तर मुठीपर्यंत आत गेला. मग छिन्नी घेतली. मागच्या डाव्या चाकाच्या वर पुट्टीचं ढेकूळ निघालं आणि त्याच्या मागून काय निघालं असेल? पेपर. घडी करून भोकात कोंबलेला मराठी पेपर, वर पुट्टी, वर रंग. ओला होऊन पापडासारखा झालेला, तरी क्रिकेटच्या पानाची अर्धी हेडलाइन वाचता येत होती. मी तो तुकडा जपून ठेवलाय. त्या गाडीवर कुणाचंतरी बिल ‘फुल रिस्टोरेशन’ म्हणून फाटलं होतं आणि ते काम अंगणात नाही, मोठ्या बोर्डाच्या गॅरेजमध्ये झालं होतं, नाव घेत नाही.

मी तो सगळा सडका भाग कापला. 18 गेजचा पत्रा आणला, पुठ्ठ्याचं टेम्प्लेट करून तसा वाकवला, आणि वेल्डिंगचे टाके मारले. एक टाका या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मधे थांबायचं, थंड होऊ द्यायचं, कारण सलग मारत गेलात तर पत्रा तापून लाट येते आणि मग ती लाट लपवायला पुट्टीच लागते. दिवसाला वीतभर सांधा व्हायचा. दुपारी दोन ते चार ग्राइंडर बंद, शेजारच्या आजी झोपतात. जून ते सप्टेंबर रंगाला हात लावला नाही, कारण त्या दमट हवेत थिनरबरोबर ओल बसते आणि रंग पांढरट पडतो. चार महिने ताडपत्रीखाली प्रायमर घासत बसलो. हे तुमचं मस्टँगचं चित्र लावण्याइतकं झटपट होत नाही.

आणि मी कोण ते पण सांगतो, आता विषय काढलाच आहे तर. वडील रबाळ्याला एका कंपनीत फिटर होते. मी स्वतः 27 वर्षं टूलरूममध्ये (कारखान्यात साचे-अवजारं बनवतात तिथे) काढली, जिथे केसाच्या जाडीएवढा फरक पडला की जॉब रिजेक्ट. आठवीत होतो तेव्हा वडिलांनी मला एक लोखंडी ठोकळा दिला आणि कानशीने चौरस कर म्हणाले, गुण्यात (काटकोन तपासायच्या पट्टीत) बसेपर्यंत जेवण नाही. आईने गुपचूप लाडू दिला ते सोडा. अशा माणसाला तुम्ही रंगरंगोटी शिकवता?

पुट्टीबद्दल. जिथे लागते तिथे लागते. जगात पुट्टीशिवाय गाडी कुणी केली असेल तर मला भेटवा. माझ्या गाडीत कुठे अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), कुठे एक, डाव्या दाराखाली जरा जास्त असेल, दोन सूत धरा, कारण तिथे हातोडी आतून पोचत नाही. पण खाली पत्रा आहे, पेपर नाही. हा मुद्दा इथे संपला.

मजुरीचं म्हणाल तर गाडी 85 हजारांना घेतली, सामानावर आणि बाहेरच्या कामावर मिळून 3 लाख 90 हजार गेले (इंजिनाचं क्रँक आणि बोरिंगचं काम लेथवाल्याकडे, टेललॅम्प कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तीन फेऱ्या मारल्यावर), विकली सव्वासहाला. माझ्या रविवारांचा हिशोब आमच्या सौ. ठेवतात, त्यांनी अजून बिल दिलेलं नाही. तुम्ही कशाला मधे पडता?

आरसीचं, तर मालकी बदलायचे फॉर्म 29, 30 सगळं व्यवस्थित दिलंय. वीस वर्षांवरच्या मोटारीला रजिस्ट्रेशन रिन्यू करायची फी 2022 पर्यंत 600 होती, मग 5,000 झाली आणि ऑगस्ट 2025 पासून 10,000. ती मी भरली, नवीन मालकाने नाही. रंगाचं त्यांना सांगितलंय, ते बघतील.

आणि ‘खरे शौकीन’! म्हणजे विकत घेणारा शौकीन आणि ग्राइंडरच्या ठिणग्यांनी शर्टाला भोकं पाडून घेणारा दलाल? आधी कॉन्टेसात ॲम्बेसेडरचं 1489 सीसीचं इंजिन होतं, नंतर इसुझूचं 1.8 आलं, एवढं पाठ असलं की शौकीन होता येतं का? मी ती गाडी वर्षभर रोज बघितलीय, पावसात रात्री उठून ताडपत्री ताणलीय, आणि हो, विकायलाच केली होती, पहिल्या दिवसापासून, ते लेखातही लिहिलंय, वाचलं असतं तर.

मॅग्नेट लावून बघायचा असेल (जाड पुट्टीवर तो चिकटत नाही) तर गाडी आता डोंबिवलीला आहे, मालकाला विचारून सांगतो. डाव्या दाराखाली मात्र लावू नका. पुढचा लेख कार्ब्युरेटरवर आहे, तिथे तरी नाव टाकून बोला.