‘आजोबांना गादे ओळखता येत नव्हते का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

समुद्रातल्या लांबड्या जनावरांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंय ते नीट वाचलं. राग आहे, पण मुद्दे आहेत, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. गोव्यातल्या मोरजीचे तुमचे आजोबा जन्मभर रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, राबले. एका संध्याकाळी त्यांनी चार होड्यांच्या लांबीचं, पाठीवर उंचवटे असलेलं जनावर पाहिलं. आणि माझ्यासारखा पणजीत पंख्याखाली बसणारा माणूस ‘गाद्यांची, म्हणजे डॉल्फिनांची, रांग असावी’ म्हणून ते उडवून लावतो! आजोबांना डॉल्फिन ओळखता येत नव्हते का, असा तुमचा सवाल. आणि शेवटी हुकमाचं पान: ‘सरकारही म्हणत होतं गोव्यात वाघ नाही. मग काय झालं?’

वाघापासूनच सुरू करतो, कारण ते पान माझ्या बाजूनेही खेळता येतं. ‘वाघ इथे वस्तीला नाही, कर्नाटकातून येऊन-जाऊन असतो’ हे पालुपद आपण सगळ्यांनी ऐकलंय. 2009 साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात केरीला वाघ मारला गेला, त्याचे फोटो बाहेर आले. 2013 मध्ये म्हादई अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला. जानेवारी 2020 मध्ये गोळावलीला एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं विष घालून मारलेली सापडली. येऊन-जाऊन असणारी वाघीण पिल्लं घेऊन हिंडत नाही, हे सांगायला प्राणिशास्त्र लागत नाही. सत्तरीच्या माणसाला हे सगळं आधीच ठाऊक होतं. पण कसं ठाऊक होतं ते बघा. तो ‘गूढ प्राणी दिसला’ असं सांगत नव्हता, ‘गाय गेली’ असं सांगत होता. कुठे गेली, कशी ओढत नेली, पाऊल केवढं होतं, भरपाई मिळाली का. वाघ त्याच्या हिशेबात होता.

लोकांचं ज्ञान मी कशावरून ओळखतो, ते यातूनच सांगतो. खऱ्या प्राण्याचा माणसांशी काहीतरी व्यवहार असतो. तो खातात किंवा खात नाहीत, तो नुकसान करतो, त्याचं हाड, शिंग, कातडं कुणाच्या तरी घरात असतं. ज्याच्याबद्दल फक्त ‘पाहिला’ एवढंच सांगता येतं, त्याच्यापाशी मी थबकतो.

सीलाकांथ माशाचंच घ्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाला असं मानलेला हा मासा 1938 च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत ट्रॉलरच्या जाळ्यात आला आणि मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर या संग्रहालयातल्या बाईंनी तो ओळीत पडलेल्या माशांतून बाजूला काढला. पुढे जे. एल. बी. स्मिथ यांनी दुसरा मासा मिळावा म्हणून शंभर पौंडांच्या बक्षिसाची पत्रकं वाटली, इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीजमध्ये. (पोर्तुगीज मोझांबिकसाठी होतं, पण एखादं पत्रक इथे आलं असतं तर आपल्या बाजारात काय चर्चा रंगली असती!) दुसरा मासा 1952 मध्ये कोमोरो बेटांवर मिळाला. तिथल्या कोळ्यांना त्याचं कौतुक नव्हतं. त्यांना तो अधूनमधून गळाला लागायचा, तेलकट आणि बेचव म्हणून किंमत नव्हती. त्याचे खरखरीत खवले सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावण्याआधी घासायला वापरत, अशीही नोंद आहे. जगाला चक्रावून टाकणारा प्राणी तिथे पंक्चर काढायच्या कामी येत होता. व्हिएतनामचा साओला हा लांब शिंगांचा जंगली प्राणीही तसाच. 1992 मध्ये शास्त्रज्ञांना तो जंगलात दिसला नाही, शिकाऱ्यांच्या घरात त्याची शिंगं दिसली.

म्हणजे तुमच्या मूळ तक्रारीशी मी सहमत आहे: कोळी, शिकारी, गुराखी यांना आधी कळतं, विद्यापीठाला नंतर. पण मग त्याच न्यायाने विचारतो, त्या लांबड्या जनावराने कधी रापण फाडली? मोरजी, मांद्रे, हरमल, एवढ्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या जाळी ओढली गेली. त्याचा एखादा तुकडा, दात, मणका कुणाच्या माडीवर आहे?

आता आजोबा. त्यांनी काहीतरी पाहिलं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. माझी शंका लांबीवर आहे. होडीत बसलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून मीटरभर उंचीवर असतो. तिथून क्षितिज साडेतीन किलोमीटरवर. मध्ये माड नाही, घर नाही, ज्याच्याशी ताडून पाहावं असं काहीच नाही. मावळतीचा उजेड समोरून येत असेल तर पाण्यावर फक्त काळे आकार दिसतात. गादा जवळून ओळखायला त्याचा पर, त्याचा श्वास सोडल्याचा आवाज पुरतो. तेवढ्या लांबून एकामागून एक वर येणाऱ्या पाठी एकाच अंगाच्या वाटतात. यात आजोबांच्या अनुभवाचा अपमान नाही.

हे फक्त रापणकारांनाच होतं असंही समजू नका. 1848 मध्ये ‘डीडॅलस’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या कप्तानाने आणि अधिकाऱ्यांनी दक्षिण अटलांटिकमध्ये साठ फूट लांबीचा सागरी सर्प पाहिल्याचा अहवाल आरमाराला दिला. लंडनमध्ये बसून रिचर्ड ओवेन या नामवंत शास्त्रज्ञाने तो मोठा सील असावा असा निकाल दिला. कप्तान तुमच्याइतकाच चिडला आणि त्याने वर्तमानपत्रातून खरमरीत उत्तर दिलं. आज काहींना वाटतं की तो तोंड उघडून पृष्ठभागावर चरणारा सेई देवमासा असावा. तसं असेल तर दोघेही चुकले होते. बघणारा लांबीत, न बघणारा जातीत.

तुम्ही जोडलेल्या फोटोबद्दल. कुजलेलं, केसाळ धूड, लांब मान, छोटं डोकं, खाली ‘मोरजीला सापडलेला राक्षस’. फोटोत किनारा ओळखू येईल असं काहीच नाही, तेव्हा मोरजीचं सोडून देऊ. धुडाबद्दल मात्र सांगता येतं. 1977 मध्ये न्यूझीलंडजवळ एका जपानी ट्रॉलरच्या जाळ्यात असंच धूड आलं आणि वर्तमानपत्रांनी ते डायनोसॉरच्या काळचं ठरवलं. तपासणीत निघाला बास्किंग शार्क. ही मुशी कुजू लागली की जबडा आणि कल्ल्यांच्या कमानी आधी गळून पडतात. राहतं ते लहानसं डोकं आणि मागे उघडा पडलेला कणा, म्हणजे आयती ‘लांब मान’. शेपटीचा खालचा अर्धा भाग कण्याच्या आधाराशिवाय असतो, तोही झडतो. केसांचं म्हणाल तर कुजलेल्या स्नायूंचे आणि चरबीतले धागे सुटे होऊन तसे दिसतात, देवमाशाच्या बाबतीतही. असलं धूड किनाऱ्याला लागलं तर फोटो काढताना शेजारी वल्हं ठेवा आणि जमलं तर वनखात्याला कळवा. नुसत्या फोटोने वाद वाढतो, मणक्याने मिटतो.

राहिला आजोबांचा प्रसंग. त्यांच्या रापणीवरचं कुणी हयात असेल तर एवढं विचारून कळवा: महिना कोणता होता, तारल्यांचा (त्या छोट्या माशांचा) हंगाम होता का, उंचवटे एकदम बुडाले की एकेक करून, आणि वर फवारा उडाला का. फवारा उडाला असेल तर गाद्यांचा मुद्दा मी सोडतो. मग आपण देवमाशावर बोलू.