एलिझाबेथकालीन नाटकं दरबारी नव्हती

नाट्यप्रेमींमध्ये सध्या एक मजकूर फिरतो आहे. शेक्सपिअर, मार्लो वगैरे इंग्रज नाटककारांची नाटकं म्हणजे सोळाव्या शतकातल्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या दरबारातली उच्चभ्रू करमणूक. कथा उसन्या. त्यातल्या राजेरजवाड्यांशी आजच्या माणसाचं देणंघेणं नाही. इंग्रजांनी ती आपल्या माथी मारली, आणि त्यातले पूर्वग्रह पाहता आता ती बाजूला ठेवलेलीच बरी. या नाटकांवर माझं प्रेम आहे, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

‘दरबारासाठी लिहिलेली.’ जेम्स बर्बेजने 1576 मध्ये ‘द थिएटर’ बांधलं ते शोरडिचला, लंडनच्या हद्दीबाहेर, कारण शहराच्या कारभाऱ्यांना नाटकवाले नकोच होते. 1599 मध्ये त्याचंच लाकूड वापरून थेम्सच्या दक्षिण तीरावर ‘ग्लोब’ उभं राहिलं. अस्वलांवर कुत्रे सोडण्याचे खेळ चालायचे, त्याच वस्तीत. एक पेनी दिली की पिटात, म्हणजे रंगमंचासमोरच्या मोकळ्या जागेत, उभं राहून नाटक बघता येई. कंपन्या दरबारात प्रयोग करत हे खरं, पण रोजची चूल पेटायची ती या पिटावर. आणि लेखक कोण? मार्लो कँटरबरीच्या जोडे शिवणाऱ्याचा मुलगा, शेक्सपिअरचे वडील हातमोजे करायचे.

‘कथा उसन्या.’ हो, आणि ते कुणी लपवलंही नाही. पण उसन्या कथेचं काय केलं ते बघा. रोमिओ-जुलिएटची गोष्ट आर्थर ब्रुकच्या 1562 च्या दीर्घकाव्यातून आली. ब्रुक प्रस्तावनेतच प्रेमिकांना दोष देतो: आईवडिलांचं ऐकलं नाही, भोगा फळं. शेक्सपिअरने तेच कथानक घेतलं, महिन्यांचा काळ चार-पाच दिवसांवर आणला, सोळा वर्षांच्या जुलिएटला तेरा वर्षांची केलं आणि दोष दोन घराण्यांच्या वैरावर ठेवला. ठरवलेल्या लग्नाला नकार दिल्यावर जुलिएटचा बाप तिला रस्त्यावर उपाशी मरायला सोडण्याची धमकी देतो. घराण्याच्या अब्रूसाठी पोटच्या मुलीचा जीव घेतल्याच्या बातम्या आपण आजही वाचतो. तो प्रवेश बघताना मला चारशे वर्षांचं अंतर जाणवत नाही.

‘राजेरजवाड्यांशी आपला काय संबंध?’ हा मुद्दा मला सर्वांत चुकीचा वाटतो. ‘रिचर्ड दुसरा’मध्ये एका राजाला पदच्युत केलं जातं. 7 फेब्रुवारी 1601 रोजी अर्ल ऑफ एसेक्स या सरदाराच्या माणसांनी शेक्सपिअरच्या कंपनीला ठरलेल्या मिळकतीवर 40 शिलिंग जास्त देऊन याच कथेचा प्रयोग लावून घेतला. दुसऱ्या दिवशी एसेक्सने राणीविरुद्ध बंड केलं. ते फसलं, त्याचं शिर गेलं आणि कंपनीतल्या ऑगस्टीन फिलिप्सला जबाब द्यावा लागला. नाटक जुनं आहे, प्रेक्षक येणार नाहीत, म्हणून जास्तीचे पैसे घेतले, असं त्याने सांगितलं. राजा मुकुट उतरवून देतो तो प्रवेश राणी हयात असताना छापलेल्या एकाही प्रतीत नाही. तो छापला गेला 1608 मध्ये.

‘सर थॉमस मोर’चं उदाहरण याहून बोलकं आहे. अनेकांनी मिळून लिहिलेल्या या नाटकात 1517 साली लंडनमध्ये परदेशी कारागिरांविरुद्ध झालेली दंगल आहे. हे लिहिलं गेलं त्या दशकात लंडनमध्ये पुन्हा परदेशी निर्वासितांविरुद्ध धमकीची पत्रकं लागत होती. 1593 मध्ये त्या तपासात नाटककार थॉमस किड पकडला गेला, त्याचा छळ झाला, पुढच्या वर्षी तो वारला. साहजिकच दरबाराचा सेन्सॉर एडमंड टिल्नी याने हस्तलिखितावर शेरा मारला की दंगल पूर्ण गाळा. त्यातली तीन पानं शेक्सपिअरच्या हातची आहेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यात लंडनचा अधिकारी असलेला मोर दंगलखोरांना विचारतो: पाठीवर पोरं, हातात गबाळं घेऊन बंदराकडे निघालेली ही माणसं डोळ्यांपुढे आणा, उद्या राजाने तुम्हालाच हद्दपार केलं तर कुठल्या देशात जाल? तिथे तुम्हीही परकेच असाल. मुंबईत राहणाऱ्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही.

‘इंग्रजांनी लादली.’ शाळा-कॉलेजांत लादली, मान्य. पण आगरकरांनी ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ केलं आणि गणपतराव जोशींनी ती भूमिका रंगभूमीवर गाजवली, ती मराठीतून. प्रेक्षक काही इंग्रजांच्या हुकुमाने येत नव्हते. दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगात सोनी वेंकटरत्नम या भारतीय वंशाच्या कैद्याने शेक्सपिअरच्या समग्र नाटकांची प्रत दिवाळीच्या शुभेच्छापत्रांत मढवून, धर्मग्रंथ म्हणून जवळ ठेवली होती. सोबतचे कैदी आवडत्या ओळींशेजारी सही करत. नेल्सन मंडेलांनी 1977 च्या डिसेंबरात ‘ज्युलियस सीझर’मधल्या ओळी निवडल्या: भित्रे मरणाआधी अनेकदा मरतात, शूर एकदाच. वर्णभेदी राजवटीचे कैदी ही नाटकं कुणाच्या दडपणाखाली वाचत होते?

उरला पूर्वग्रहांचा मुद्दा. तिथे तक्रार खरी आहे. शेक्सपिअरचा ‘व्हेनिसचा व्यापारी’ नाझींच्या ताब्यातल्या व्हिएन्नात 1943 मध्ये उघड ज्यूद्वेषासाठी वापरला गेला, आणि नाटकात तशी जागा होती म्हणूनच ते जमलं. पण आम्हाला टोचलं तर रक्त येत नाही का, हे ज्यू सावकार शायलॉक याच नाटकात विचारतो. चौथ्या अंकात न्यायालय त्याला धर्म बदलायला लावतं आणि भोवतालची माणसं खूश होतात. नाटक बंद केलं तर ही खुशी तपासायची संधीच जाते. दिग्दर्शकांनी तो प्रवेश गाळू नये, सौम्यही करू नये. तो पूर्ण दाखवावा आणि प्रयोगानंतर प्रेक्षकांशी बोलायला थांबावं.